वंगण तेलाचे घट्ट होणे आणि थिजणे

थंडीत काकवी घट्ट होते, आणि खोबरेल तेल थिजते. व्यवहारात ह्या दोन क्रियापदांतील भेदाकडे आपण फारसे लक्ष देत नाही. वस्तुतः तो भेद महत्त्वाचा आहे. घट्ट झालेली काकवी भांडे कलते केल्यास सावकाश का होईना, पण वाहते. थिजलेले खोबरेल मात्र बाटली उपडी केली तरी जागचे हलत नाही. एंजिनातील वंगण तेलास कडाक्याच्या थंडीत ह्या दोन्ही अवस्था प्राप्त होऊ शकतात. त्यांची कारणे निराळी असून त्यांवर योजावयाची पूरक द्रव्येही निराळी आहेत.

प्रथम घट्ट होण्याचा विचार करू. द्रवाच्या अंगी वाहण्यास जो अंतर्गत विरोध असतो, त्यास श्यानता म्हणतात. तापमान उतरले की तेलाची श्यानता वाढते व चढले की घटते. पातळ तेल थंडीत सोयीचे, परंतु तापलेल्या एंजिनात त्याचा थर टिकत नाही. दाट तेलाची गोष्ट नेमकी उलट. ह्या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी तेलात बहुवारिके मिसळतात. बहुवारिक म्हणजे लहान रेणू एकमेकांस जोडून बनलेली लांब साखळी. थंड तेलात ह्या साखळ्या आक्रसून गुंडाळलेल्या राहतात व प्रवाहास त्या मानाने थोडाच विरोध करतात. उष्ण तेलात त्या पसरतात आणि तेलास दाटपणा देतात. तेव्हा हे द्रव्य थंडीत तेल पातळ करते, ही समजूत बरोबर नाही. मुळातच पातळ निवडलेल्या तेलास ते उष्णतेत सावरून धरते, इतकेच.

थिजण्याचे कारण वेगळे आहे. खनिज तेलात पॅराफिन मेणाचा काही अंश शिल्लक असतो. तेल थंड होऊ लागले की ह्या मेणाचे चपटे स्फटिक बनतात, एकमेकांत गुंततात आणि त्यांचे जाळे तयार होते. उरलेले तेल द्रवरूपच असते, परंतु ते त्या जाळ्यात अडकून पडते. ह्यावरील पहिल्या यशस्वी पूरक द्रव्यांपैकी ‘पॅराफ्लो’ हे १९३१ च्या सुमारास अमेरिकेत पुढे आले. आज ह्या कामी प्रामुख्याने पॉलिमेथॅक्रिलेटे वापरतात. त्यांच्या रेणूंची रचना फणीसारखी असते. फणीचे लांब दाते मेणाच्या स्फटिकात शिरून बसतात व त्याची वाढ निराळ्या आकारात वळवितात, त्यामुळे जाळे विणले जात नाही. मेण नाहीसे होत नाही. त्याची केवळ एकजूट मोडते. म्हणूनच ह्या द्रव्याची अत्यल्प मात्रा पुरते. ती अधिक झाल्यास लाभाऐवजी हानीही संभवते.

हा भेद किती महाग पडू शकतो, हे अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील सू फॉल्स येथे १९८०–८१ च्या हिवाळ्यात दिसून आले. तत्कालीन कसोट्यांस उतरलेली तेले वापरूनही तेथे एंजिने निकामी झाली. त्या कसोट्यांत तेल तुलनेने लवकर थंड केले जाई. प्रत्यक्षात उघड्यावर उभ्या गाड्यांतील तेल सावकाश निवत गेले, आणि मेणाच्या स्फटिकांना जाळे विणण्यास अवधी मिळाला. अशा वेळी एंजिन सुरू होते, पंप आपल्या तोंडाजवळचे तेल ओढून घेतो, परंतु भोवतीचे थिजलेले तेल त्या जागी येत नाही. तेथे पोकळी पडते, पंप हवा ओढू लागतो आणि बेअरिंगे कोरडी पडून झिजतात. चालक मात्र एंजिन सुरू झाले म्हणून निश्चिंत असतो.

ह्या अनुभवानंतर कसोटी बदलली. नव्या पद्धतीत तेल सुमारे दोन दिवस हळूहळू थंड करतात आणि दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासतात : तेल किती घट्ट झाले, आणि ते थिजले काय. ‘एसएई’ ह्या अमेरिकी संस्थेच्या वर्गीकरणाप्रमाणे ‘५डब्ल्यू–३०’ तेलाची श्यानता उणे ३५ अंश सेल्सियसला ६०,००० मिलिपास्कल-सेकंदांपेक्षा अधिक असता कामा नये; शिवाय त्यात थिजण्याचे लक्षणही आढळता कामा नये. ‘१०डब्ल्यू’ तेलास हीच अट उणे ३० अंशांना लागू आहे. येथील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर आहे. अनेक जण समजतात त्याप्रमाणे वजनाचे नव्हे.

घट्ट तेल पंपापर्यंत उशिरा पोहोचते, थिजलेले तेल पोहोचतच नाही. पहिल्या दोषाकरिता मूळ तेल पातळ निवडावे लागते, दुसऱ्याकरिता मेणाची वीण रोखावी लागते. आणि एका उपायाने दुसऱ्याचे काम भागत नाही.