सही कुणाची, आठवडे किती

मढच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं की काही मिनिटांत वेसावा गाठता येतं आणि तिथून रिक्षाने कूपर रुग्णालय. पावसाळ्यात फेरी बंद असली की मार्वे, मालवणी, मालाड असा वळसा पडतो आणि वेसाव्याचंच अंतर वीस किलोमीटरच्या वर जातं. तरी नको असलेलं गरोदरपण घेऊन निघालेल्या बाईचा वेळ या रस्त्यावर फारसा जात नाही. तो जातो उंबरठ्याच्या आत. नवरा बोटीवर आहे, तो आल्यावर विचारू. सासूला कसं सांगायचं? लग्न झालेलं नाही, मग डॉक्टर दारात तरी उभं करतील का? पोलिसांत कळवतील का? या प्रश्नांत तीन-चार आठवडे सहज निघून जातात, आणि यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं कायद्याने बाईच्या बाजूने आधीच देऊन ठेवली आहेत. कायदा एकाच बाबतीत कडक आहे, तो आठवडे मोजतो.

ते कसे मोजतात, हे आधी समजून घेतलेलं बरं. गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, संबंध आला त्या दिवसापासून नव्हे. पाळी चुकून आठ दिवस झाल्यावर घरी पट्टीवर तपासणी केली आणि दोन रेघा दिसल्या, तर डॉक्टरच्या आणि कायद्याच्या हिशेबाने तेव्हाच पाच आठवडे भरलेले असतात. ‘अजून महिनाही झाला नाही’ म्हणणारी बाई प्रत्यक्षात दुसऱ्या महिन्यात असते. पाळी अनियमित असेल तर सोनोग्राफीवरून वय ठरतं आणि पुढचं सगळं त्या आकड्यावर चालतं.

या कायद्याच्या मुळाशी मुंबईचा एक माणूस आहे. 1964 साली केंद्र सरकारने गर्भपाताचा विचार करायला समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांना बसवलं. तोवर बाईचा जीव वाचवण्यापुरता अपवाद सोडला तर गर्भपात हा दंडसंहितेतला गुन्हा होता. बाया मरायच्या त्या काड्या, मुळ्या आणि चोरून केलेल्या उपायांनी. समितीने 1966 मध्ये अहवाल दिला, 1971 मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. मात्र गुन्हा पुसला गेला नाही, त्याला मोठी सूट मिळाली. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 मध्ये तो गुन्हा तसाच उभा आहे आणि स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी बाईसुद्धा त्याच्या कक्षेत येते. म्हणून ‘मी मागितला, मला मिळाला’ असा हा हक्क अजूनही नाही. डॉक्टरचं मत लागतंच. हे मला कायद्यातलं मोठं व्यंग वाटतं. पण आहे त्या चौकटीतही जागा पुष्कळ आहे.

20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. गरोदरपण चालू ठेवल्याने बाईच्या जिवाला धोका आहे, किंवा तिच्या शरीराला वा मनाला गंभीर इजा होईल, किंवा बाळात गंभीर व्यंग असण्याची मोठी शक्यता आहे, असं त्या डॉक्टरला प्रामाणिकपणे वाटलं पाहिजे. ‘मनाला’ हा शब्द इथे फार कामाचा. गर्भनिरोधक साधन फसलं, तर त्यातून होणारा मनस्ताप ही मनाला झालेली गंभीर इजाच आहे, असं कायदा स्वतः धरून चालतो. पूर्वी ही सवलत ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ यांच्यापुरती होती. 2021 च्या दुरुस्तीने तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. शिवाय इजा ठरवताना बाईची आजची आणि पुढची परिस्थितीही विचारात घ्यायला कायदा सांगतो. घरात आधीची दोन लहान मुलं, नवऱ्याची दारू, सुटलेलं काम हे सगळं त्या परिस्थितीत येतं.

आता सहीचं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या बाईच्या गर्भपाताला एकच सही लागते, तिची स्वतःची. संमतीचा तो कागद म्हणजे फॉर्म सी. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. सासऱ्यांची नाही, आईची नाही. लग्नाचा दाखला किंवा आधार कार्ड आणल्याशिवाय गर्भपात करता येणार नाही, असंही कायदा म्हणत नाही. ‘आधी कॉपर-टी बसवून घ्या, मग बघू’ अशी अटही त्यात नाही. मढच्या कोळणीच्या हाती मासळीचा सगळा व्यवहार असतो, भाव ती ठरवते, पैसा ती मोजते. दवाखान्यात मात्र तिला विचारलं जातं, मालक कुठे आहेत?

डॉक्टर नवऱ्याची सही मागतात ती बहुतेकदा धास्तीने. उद्या नवरा कोर्टात गेला तर? या धास्तीला थोडा आधारही आहे. 2007 साली घटस्फोटाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची उदाहरणं देताना, वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याच्या नकळत केलेल्या गर्भपाताचाही उल्लेख केला होता. पण तो प्रश्न नवराबायकोमधल्या घटस्फोटाचा होता, डॉक्टरच्या अपराधाचा नव्हे. पुढे पंजाबातल्या एका नवऱ्याने संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून बायकोवर आणि डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावला. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो फेटाळला आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याचं अपीलही फेटाळलं. तेव्हा सही मागणाऱ्या डॉक्टरला ‘हे कोणत्या कलमात आहे?’ असं विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते. पालक म्हणजे जन्मदातेच असले पाहिजेत असं नाही. जी व्यक्ती तिचा सांभाळ करते ती, म्हणजे आजी किंवा मावशीही चालते. इथे पोक्सो कायदा मध्ये येतो. अठराच्या आतल्या मुलीशी संबंध, तिच्या मर्जीने असला तरी, गुन्हा आहे आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. या भीतीने मुली दवाखान्याकडे फिरकत नाहीत आणि मग कुणा भोंदूच्या हाती लागतात. 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने यातून वाट काढली. मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव आणि ओळख सांगायची गरज नाही. याच निकालाने अविवाहित बाईलाही 20 ते 24 आठवड्यांच्या टप्प्यात विवाहितेइतकाच हक्क दिला. नवऱ्याने केलेली बळजबरीही गर्भपाताच्या कायद्यापुरती बलात्कार मानली, आणि त्यासाठी आधी पोलिसांत गुन्हा नोंदवला पाहिजे किंवा कोर्टात तो सिद्ध झाला पाहिजे, ही समजूतही मोडीत काढली.

20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि कारणं नियमांत ठरलेली आहेत: बलात्कार किंवा नात्यातला अत्याचार, अल्पवयीन मुलगी, मोठं शारीरिक अपंगत्व, मानसिक आजार, बाळातलं गंभीर व्यंग, सरकारने जाहीर केलेली आपत्ती. आणि गरोदरपणातच वैवाहिक स्थिती बदलणं, म्हणजे नवरा जाणं किंवा घटस्फोट होणं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अडलेल्या विधवांसाठीच. नियमांच्या कागदावर वैधव्य हा शब्द यायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं लागली.

24 आठवड्यांची रेघ कशी आली, त्यातही आपल्याच भागातली एक गोष्ट आहे. 2008 साली भाईंदरच्या एका दांपत्याला 20 आठवडे उलटल्यावर कळलं की बाळाच्या हृदयात गंभीर दोष आहे. त्यांच्यासोबत त्यांचे डॉक्टर निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. मर्यादा तेव्हा 20 आठवड्यांची होती. 4 ऑगस्टला न्यायालयाने नकार दिला आणि थोड्याच दिवसांत त्या बाईचा गर्भपात आपोआप झाला. कायदा बदलायला पुढे तेरा वर्षं गेली. बदललेला कायदा 24 सप्टेंबर 2021 पासून लागू आहे. 24 नंतर आता बाळात मोठं व्यंग असेल तरच परवानगी मिळते, आणि ती वैद्यकीय मंडळ देतं. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मंडळाने मत द्यायचं आणि पाच दिवसांत प्रक्रिया पुरी व्हायची, असं नियम सांगतात. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर मात्र आठवड्यांची कसलीच मर्यादा नाही.

या रेघेपलीकडे व्यंग नसलेल्या किंवा मंडळाने नाकारलेल्या प्रत्येक प्रकरणात कोर्टाची पायरी चढावी लागते आणि तिथे काय होईल ते सांगता येत नाही. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल आणि न्या. डिगे यांच्यापुढे 32 आठवडे उलटलेलं प्रकरण आलं. व्यंग होतं, पण उशीर झाला म्हणून मंडळ नको म्हणत होतं. निर्णय बाईचा, मंडळाचा नव्हे, असं सांगून न्यायालयाने परवानगी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन मुलांच्या, प्रसूतीनंतरच्या नैराश्याने खचलेल्या आईला 26 आठवड्यांवर नकार दिला, कारण गर्भ निरोगी होता. आणि एप्रिल 2024 मधलं अत्याचारग्रस्त चौदा वर्षांच्या मुलीचं प्रकरण तर वाचवत नाही. गोष्ट उघडकीला आली तेव्हाच 24 आठवडे उलटले होते. मुंबई उच्च न्यायालयाने 4 एप्रिलला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने 22 एप्रिलला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात गर्भपाताची परवानगी दिली, आणि मुलीच्या जिवाच्या काळजीने आईवडिलांचंच मन बदलल्यावर 29 एप्रिलला तो आदेश मागे घेतला. एका मुलीचे इतके दिवस कागदांवर गेले.

म्हणून पहिल्या नऊ आठवड्यांची किंमत मोठी. तोवर गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो, आणि गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायच्या असतात. कुणाच्या तरी ओळखीने मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या धोक्याच्या, कारण गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे औषधाच्या दुकानदाराला कळत नाही. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत आणि नळी फुटली तर जीव जातो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्याचाही विचार डॉक्टरला करावा लागतो. गोळ्या घेतल्यावर सलग दोन तास दर तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप उतरत नसेल, चक्कर येत असेल तर फेरीची वाट न बघता मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. बारा आठवड्यांपर्यंत पिशवी साफ करण्याची निर्वात पद्धत सोपी असते. पुढे रुग्णालयात राहावं लागतं आणि त्रासही वाढतो.

कुठे जायचं? सरकारी रुग्णालयाला वेगळी मंजुरी लागत नाही. खासगी दवाखान्याला लागते आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. ते दिसलं नाही तर बाहेर पडा. 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एका होमिओपॅथी डॉक्टरच्या दवाखान्यात एक विवाहिता दगावली, तेव्हा तपासात ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. ते प्रकरण लिंगनिदानाच्या धंद्याचं होतं. त्या धंद्यावरचा कायदा वेगळा आहे आणि तो हवाच. पण त्यानंतरच्या छाप्यांच्या धाकाने कितीतरी सरळमार्गी डॉक्टर बारा आठवड्यांपुढची बाई बघायलाच नको म्हणतात. मुलगी नको म्हणून पाडणं आणि मूलच नको म्हणून थांबणं यातला फरक यंत्रणेला कळत नसेल, तर त्याची शिक्षा बाईला का?

गुप्ततेबद्दल मात्र नियम स्पष्ट आहेत. गर्भपाताच्या नोंदवहीत नाव लिहितात आणि ती नोंदवही गोपनीय असते. केसपेपर, शस्त्रक्रियेची वही, बाकी कुठेही नाव नाही, फक्त अनुक्रमांक. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय कुणालाही ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावातली कुणी ओळखीची परिचारिका तिथे कामाला असली, तरी तिलाही तोंड उघडायची मुभा नाही.

घरात मारहाण असेल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिकेने ‘सेहत’ संस्थेसोबत सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र आहे. 24 आठवडे उलटले असतील आणि कोर्टात जावं लागणार असेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करा. तिथला वकील बाईला फुकट मिळतो, तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न कितीही असो.