मराठी विचार आणि अमेरिकेतील दास्यविमोचन

परक्या समाजाचा इतिहास वाचणारा बहुधा त्यात स्वतःचाच प्रश्न शोधीत असतो. अमेरिकेतील दास्यविमोचनाचे मराठीत जे आकलन झाले, त्यावरून हे स्पष्ट दिसते. इतिहास तोच, परंतु त्यातील कोणाकडे पाहावयाचे, ही निवड मात्र काळागणिक बदलत गेली.

जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत तेराव्या घटनादुरुस्तीने दास्य संपुष्टात आले, त्यास तेव्हा अवघी आठ वर्षे लोटली होती. हा ग्रंथ फुल्यांनी दास्यविमोचनासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. येथे दृष्टी मुक्तिदात्यावर खिळलेली आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस या कृष्णवर्णी विद्वानास पत्र लिहिले व संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली. आता संवाद दास्य भोगलेल्यांच्याच प्रतिनिधीशी होऊ लागला होता.

दिल्लीत संविधान सभेने १९४९ साली स्वीकारलेल्या घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु कायद्याने समाजमन तत्काळ पालटत नाही. अमेरिकेतही १८६५ नंतर वर्णविभक्ततेचे कायदे आले आणि नागरी हक्कांचा कायदा होण्यास १९६४ साल उजाडले. म्हणूनच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार प्रभृती तरुणांनी आपल्या संघटनेचे नाव निवडताना लिंकनच्या अमेरिकेकडे पाहिले नाही. १९६६ साली ओकलंड येथे स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाकडे पाहिले.

‘दलित पँथर’ हे नाव या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. फुल्यांना ‘गुलामगिरी’ हा मराठीत रुळलेला शब्द पुरला. या तरुणांनी ‘पँथर’ भाषांतरित केलाच नाही. नावाचा पूर्वार्ध स्वतःच्या अस्मितेचा, तर उत्तरार्ध उसन्या आवेशाचा आहे.

तथापि साम्याला मर्यादा आहेत. वर्ण डोळ्यांना दिसतो. जात विचारून घ्यावी लागते. अस्पृश्यता हे दास्याचे अप्रत्यक्ष, म्हणूनच अधिक दुःसह रूप होय, असे आंबेडकरांनीही मांडले आहे. हा भेद ध्यानी ठेवला, तरच तुलना ज्ञानाचे साधन ठरते. अन्यथा ती केवळ अलंकार होते.