हॉस्पिटलची लाईन तुटली तर फोन दुसरीकडून लागतो का? आधी विचारून ठेवा

तालुक्याचं मोठं हॉस्पिटल, साखर कारखाना, दूध संघ, बाजार समिती. बाहेरून नंबर एकच, पण आत टेबलाटेबलावर फोन. हे सगळे फोन एका मशीनला जोडलेले असतात. त्याला ईपीएबीएक्स म्हणतात, ऑफिसवाले नुसतं 'एक्स्चेंज' म्हणतात. हे एक्स्चेंज आणि बाहेरची टेलिफोन लाईन जोडणारा डबा म्हणजे गेटवे. गावाच्या वेशीसारखाच समजा, येणारा-जाणारा प्रत्येक कॉल तिथूनच. लाईन पीआरआय असेल तर तिच्यावर एका वेळी ३० कॉल चालतात.

आता रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली (आपल्याकडे यात नवीन काय!), तर वेस बंद. म्हणून दुसरी वेस ठेवतात. दुसरा गेटवे, त्यावर दुसऱ्या कंपनीची लाईन किंवा मोबाईलचं सिम टाकलेला डबा. आधी या वाटेने जा, नाही जमलं तर त्या वाटेने, असा क्रम एक्स्चेंजमध्ये भरून ठेवतात. याला फेलओव्हर म्हणतात.

ऐकायला सोपं आहे. गोम अशी की पहिली वाट बंद आहे हे एक्स्चेंजला कळायला पाहिजे.

कॉल लागला नाही की लाईनवरून कारणाचा आकडा येतो. १७ आला तर समोरचा माणूसच दुसऱ्या फोनवर आहे. मग कितीही वाटा बदला, उपयोग नाही. ३४ आला तर लाईनवर जागा नाही, म्हणजे दुसऱ्या वाटेने जायला हवं. हा फरक एक्स्चेंजमध्ये नीट भरला नसेल तर दुसरी लाईन मोकळी असूनही 'बिझी' ऐकू येतं.

त्याहून वाईट म्हणजे गेटवे काहीच बोलत नाही. इंटरनेटच्या तारेवरून चालणाऱ्या फोनमध्ये, सेटिंग बदललं नसेल तर, एक्स्चेंज अशा मुक्या गेटवेची ३२ सेकंद वाट बघतं. रात्री रक्तपेढीला फोन लावणारी नर्स तोवर फोन ठेवून देते. यावर उपाय म्हणजे दर मिनिटाला वगैरे गेटवेला 'आहेस का?' असा निरोप पाठवायचा आणि उत्तर आलं नाही की कॉल थेट दुसरीकडे वळवायचे. पण यातही एक फट राहते. डबा चालू आहे, मागची लाईन मात्र तुटलेली आहे. डबा बिचारा 'आहे, आहे' म्हणत राहतो आणि कॉल पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जातात. म्हणून नुसता डबा नाही, मागची लाईनही तपासली जाते का, हे बसवणाऱ्याला विचारावं लागतं.

हे सगळं झालं बाहेर जाणाऱ्या कॉलचं. तुम्ही घरून हॉस्पिटलला फोन लावता तेव्हा काय? तिथे बरेच जण फसतात. तो नंबर टेलिफोन कंपनीच्या लाईनवर असतो. लाईन तुटली तर तुमचा कॉल एक्स्चेंजपर्यंत पोहोचतच नाही, मग ते वळवणार काय? आतून फोन लागतोय म्हणून ऑफिसात सगळे निवांत, आणि बाहेरचा माणूस हैराण. येणारे कॉल दुसऱ्या लाईनवर किंवा मोबाईलवर वळवायची सोय कंपनीकडूनच आधी करून घ्यावी लागते. केबल तुटल्यावर अर्ज करून भागत नाही.

पोलीस मदतीच्या ११२ नंबरचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे आणि दुसरं नागपूरला. एवढं लांब ठेवायचं कारण साधं आहे, दोन्ही एकाच वेळी बंद पडू नयेत. आपल्याकडे मात्र दोन लाईन घेतात आणि दोन्ही केबल एकाच चरातून नेतात, दोन्ही डबे एकाच बॅटरीवर ठेवतात. पैसे दोन लाईनचे, भरवसा एकीचाच.

तुम्ही पतसंस्थेच्या किंवा दूध संस्थेच्या संचालक मंडळावर असाल तर एक काम सांगा. कामाची गर्दी नसेल अशा वेळी, फोनवाला समोर असताना, पहिल्या लाईनची तार काढायला लावा. मग आतून एक फोन बाहेर लावा आणि बाहेरून स्वतःच्या मोबाईलवरून संस्थेच्या नंबरवर एक. दोन्ही लागले तरच त्याचं बिल मंजूर करा.