मक्याचा वैरी पतंग

पावसाळ्यात रात्री दिवा लावला की भोवती पाखरे जमतात. त्यांना पतंग म्हणतात. बहुतेक पतंग कुणाचे काही बिघडवत नाहीत. पण एकाची ओळख आम्ही आज करून देणार आहोत. त्याच्या अळ्या आपला मका खातात. त्या अळीला लष्करी अळी म्हणतात.

हा पतंग मूळचा अमेरिकेकडचा. 2016 साली तो आफ्रिकेत आढळला. 2018 साली आपल्या देशात आला, आधी कर्नाटकात. 2019 च्या खरिपात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या मक्यावर ही अळी पडली. पतंग वाऱ्याबरोबर एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. बांध त्याला काय अडवणार!

दिसायला तो साधाच. पंख पसरले तर दीड इंच भरतो. नराचे पुढचे पंख राखी-तपकिरी, टोकाशी पांढरट डाग. मादीचे पंख नुसते मळकट. मागचे पंख दोघांचेही रुपेरी पांढरे. असे मळकट पतंग पुष्कळ असतात. आम्ही तर चश्मा लावूनही फसलो आहोत.

अळी मात्र फसवत नाही. तिच्या डोक्यावर गलोलीचे बेचके उलटे धरावे तशी पांढरट खूण असते. शेपटीजवळ चार काळे ठिपके असतात, बाजेच्या चार पायांसारखे चौकोनात.

मादी पानावर एका जागी शंभर-दोनशे अंडी घालते. वर आपल्या अंगची लव पसरते. पानावर बुरशी आली असे वाटते. ती बुरशी नव्हे! तिथेच चिमटीत चिरडा. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बारक्या अळ्या पान खरवडतात आणि पानावर कागदासारखे पांढरे चट्टे पडतात. निंबोळी अर्क फवारायची वेळ हीच.

पुढे अळी पोंग्यात शिरते. आत बसून खाते. पान उलगडले की ओळीने भोके दिसतात. तिची विष्ठा ओल्या भुशासारखी पोंग्यात साचते, मग वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून मका उगवल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी शेतात चक्कर मारा. अळी मोठी झाली असेल तर आपल्या मनाने औषध मारू नका, कृषी खात्याच्या माणसाला विचारा.

दोन-तीन आठवडे खाऊन अळी जमिनीत उतरते. तिथे ती कोषात जाते आणि आठ-नऊ दिवसांनी पतंग होऊन निघते. मका काढल्यावर खोल नांगरट करा. कोष उघडे पडतात आणि नांगरामागे बगळे नि साळुंक्या ते टिपत येतात.