‘व्हिस्की गॅलोर!’ : टंचाई, कायदा आणि लोकरूढी

युद्धपट म्हटला की रणांगण व बलिदान यांचीच चित्रे डोळ्यांसमोर येतात. युद्धकालीन टंचाईकडे प्रेमकथा व विनोद यांच्या अंगाने पाहणारा ब्रिटिश चित्रपट म्हणून अलेक्झांडर मॅकेंड्रिक दिग्दर्शित ‘व्हिस्की गॅलोर!’ (१९४९) उल्लेखनीय ठरतो. चैनीच्या वस्तूसाठीचा झगडा हा वस्तुतः दोन नियमव्यवस्थांमधील झगडा कसा असतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथेला सत्य घटनेचा आधार आहे. ५ फेब्रुवारी १९४१ रोजी ‘एस. एस. पॉलिटिशियन’ हे मालवाहू जहाज स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील एरिस्के बेटानजीक फसले. त्यावर निर्यातीच्या व्हिस्कीच्या सुमारे २,६४,००० बाटल्या होत्या. त्यांपैकी हजारो बाटल्या बेटवासीयांनी काढून नेल्या. या घटनेवर कॉम्प्टन मॅकेंझी यांनी १९४७ साली कादंबरी लिहिली व तीवरून हा चित्रपट निर्माण झाला.

चित्रपटातील टॉडे हे बेट कल्पित आहे. १९४३ साली तेथील व्हिस्की संपते आणि दुकानदार मॅक्रून यांच्या दोन्ही मुलींची लग्ने अडतात. कारण व्हिस्कीवाचून ‘रेत्याख’ हा वाङ्‌निश्चयाचा विधी होऊ शकत नाही. म्हणजेच बाहेरच्यांना जी चैन वाटते, ती बेटवासीयांच्या दृष्टीने विधीचे आवश्यक साहित्य आहे. प्रेमकथा व टंचाई यांची सांगड येथे सहज घातली जाते.

बेटवासीयांचा प्रतिस्पर्धी म्हणजे गृहरक्षक दलाचा इंग्रज प्रमुख कॅप्टन वॅगेट. त्याला व्हिस्की प्यायची नाही, तर राखायची आहे. मात्र बेटवासीयांना बेकायदेशीर म्हणून निकालात काढता येत नाही. जहाज बुडण्याच्या बेतात असतानाही रविवारचे धार्मिक निर्बंध पाळून ते मध्यरात्रीपर्यंत थांबतात. करखात्याला न जुमानणारी हीच माणसे रूढीपुढे मान तुकवतात.

अखेरीस संशयाचे बालंट खुद्द वॅगेटवरच येते व प्रेक्षक हसतो. प्रत्यक्षात मात्र एरिस्के प्रकरणी काहींना तुरुंगवास भोगावा लागला. वॅगेटची कायद्याविषयीची चिंताही सर्वस्वी पोकळ नव्हती. विनोद हा संघर्ष मिटवत नाही, तर कोणाच्या बाजूने हसावे एवढेच ठरवतो, हे ध्यानात ठेवूनच अशा चित्रपटांचे अध्यापन व्हावे, असे वाटते.