तपकिरी रंगाची साक्ष

स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली, की घरची माणसे एकच गोष्ट विचारतात : "औषध आहे ना?" डॉक्टर लगेच उत्तर देत नाहीत. "गाठीचा तुकडा आणखी एका तपासणीला पाठवला आहे, अहवाल येऊ द्या," असे म्हणतात. कॅन्सर आहे हे तर कळले, मग आता आणखी कसली तपासणी? पैशाची ओढाताण असते, जाण्यायेण्याचा त्रास असतो. कोणी कोणी इथेच कंटाळून घरी परततात. म्हणून ही तपासणी काय असते, ते आम्ही आज सांगणार आहोत.

भिंत जशी विटांची, तसे आपले शरीर पेशींचे. पेशी फार लहान असते. ती सूक्ष्मदर्शक यंत्रातूनच दिसते. प्रत्येक पेशीभोवती पातळ आवरण असते आणि त्या आवरणावर निरनिराळी प्रथिने बसलेली असतात. त्यांतल्या एका प्रथिनाचे नाव आहे 'हर-टू'. पेशीला 'वाढ' असा निरोप देण्याच्या कामी ते लागते.

निरोगी पेशीवर हर-टू बेताचेच असते. पण स्तनाचा कॅन्सर झालेल्या शंभर बायकांपैकी सुमारे १५ ते २० जणींच्या गाठीत ते फार वाढलेले असते. दारात एकाने हाक मारली, तर घरातले उठून कामाला लागतात. शंभर जण एकदम ओरडू लागले, तर काय होईल? तसेच इथे होते. पेशी भराभर वाढत सुटतात. प्रथिन बनवण्याचा आराखडा पेशीच्या आत असतो, त्याला जनुक म्हणतात. हर-टूच्या जनुकाच्या प्रती ज्या गाठीत जास्त, तो कॅन्सर उलटण्याची भीती जास्त, असे १९८७ साली अमेरिकेत डॉ. डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिले.

आता हे प्रथिन ओळखायचे कसे? ते काही डोळ्यांनी दिसत नाही. इथे उपयोगी पडते 'प्रतिपिंड'. गोवर एकदा येऊन गेला, की सहसा पुन्हा येत नाही, हे आपण पाहतो. त्या रोगाला ओळखून धरणारे पहारेकरी आपल्या रक्तात तयार झालेले असतात. तेच प्रतिपिंड. एका कुलपाला एक किल्ली, तसे एक प्रतिपिंड एकाच वस्तूला चिकटते.

मग हर-टूलाच चिकटेल असे प्रतिपिंड करता येईल का? येते. ज्याची ओळख पटवायची ते प्रथिन उंदराला टोचतात. त्याच्या प्लीहेतल्या पेशी प्रतिपिंड बनवू लागतात. पण त्या पेशी बाहेर काढल्या, तर थोड्याच दिवसांत मरतात. १९७५ साली इंग्लंडात केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन या दोन शास्त्रज्ञांनी तोड काढली. कॅन्सरची पेशी न थांबता वाढत राहते. त्यांनी तशी पेशी आणि प्रतिपिंड बनवणारी पेशी यांचा जोड केला. ही जोडपेशी वाढतही राहते आणि एकाच जातीचे प्रतिपिंड बनवीतही राहते. काट्याने काटा काढला म्हणायचा! या कामाबद्दल त्यांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता सशाच्या पेशींपासूनही अशी प्रतिपिंडे करतात.

तपासणी अशी होते. गाठीचा तुकडा मेणात बसवतात. त्याचे केसाहूनही कितीतरी पातळ काप काढून काचेवर घेतात. त्यावर प्रतिपिंडाचे थेंब सोडतात. हर-टू असेल तिथे प्रतिपिंड चिकटते. बाकीचे धुऊन जाते. मग रंग येण्याचे द्रव्य घालतात. जिथे प्रतिपिंड चिकटले, तिथे तपकिरी रंग उमटतो. रंग खरा की खोटा, हे पाहायला हर-टू असल्याचे आधीच ठाऊक असलेला एक तुकडाही सोबत रंगवतात. वजनमाप तपासायला सरकारी वजन लागते ना, तसेच हे.

अहवालात ०, १+, २+ किंवा ३+ असे लिहितात. ० किंवा १+ म्हणजे हर-टू वाढलेले नाही. ३+ म्हणजे खूप वाढलेले. २+ असेल, तर निकाल अधांतरी राहतो. मग जनुकाच्या प्रती मोजणारी दुसरी तपासणी करतात. तिचे नाव 'फिश'. माशाशी तिचा काही संबंध नाही! पुन्हा तपासणी सांगितली, म्हणजे डॉक्टर फसवतात असे समजू नये.

एवढा खटाटोप कशासाठी? हर-टूवर नेमके जाऊन बसणारे औषध आहे म्हणून. 'ट्रास्टुझुमॅब' हे त्याचे नाव. तेही एक प्रतिपिंडच. ते अमेरिकेत १९९८ साली मंजूर झाले. २०१४ पासून त्याच धर्तीचे, आपल्या देशात बनलेले औषधही मिळू लागले. पण हर-टू वाढलेले नसेल, तर हे औषध द्यायचे कशाला? पैसा जातो आणि काहींच्या हृदयाला त्रासही होतो. दुखणे हाल्याला अन् डाग पखालीला, असे होऊ नये. उलट हर-टू वाढलेले असून तपासणीच झाली नाही, तर हाताशी असलेले औषध हुकते. रोग अंगात पसरलेला असेल, तर १+ किंवा २+ असणाऱ्या काही जणींनाही चालणारे एक नवे औषध २०२२ साली अमेरिकेत मंजूर झाले. म्हणून अहवालातला आकडा नीट वाचावा.

आपल्या हाती काय आहे? काढलेला तुकडा तासाभराच्या आत फॉर्मॅलिन नावाच्या औषधी पाण्यात पडला पाहिजे. साध्या पाण्यात ठेवला, तर तो खराब होतो आणि रंगाची साक्ष खोटी ठरू शकते. तुकडा दुसऱ्या गावी न्यायला हातात दिला, तर "फॉर्मॅलिनमध्ये आहे ना?" असे विचारावे. दुसऱ्या इस्पितळात जायचे झाले, तर अहवाल आणि मेणाचा ठोकळा मागून घ्यावा. ठोकळा उन्हात ठेवू नये, मेण वितळते. ठोकळा नीट राहिला, तर बहुधा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. आणि "हर-टूचा अहवाल आला का?" हे डॉक्टरांना धीटपणे विचारावे. विचारण्यात लाज कसली?

वाचकहो, आपण आता अक्षरे वाचता. आपल्या आळीत कोणा बाईला अशी तपासणी सांगितली असेल, तर हा धडा तिला आणि तिच्या घरच्यांना वाचून दाखवा.