खांबावरची चिमणी

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. नारळी-पोफळीच्या वाड्या तारांवर आडव्या झाल्या, खांब मोडले, रायगडातली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढचं वादळ वीजवाहिन्या सोसतील का, हे बघायला संपादकांनी मला धाडलं होतं. पण मन अडकलं ते एका वायरमनने माझ्या तळहातावर ठेवलेल्या चिमणीत.

चिमणी म्हणजे चिनी मातीचा इन्सुलेटर. अकरा हजार व्होल्टची तार खांबाला टेकू नये म्हणून हा तुकडा मध्ये बसवतात. उन्हाळाभर तो तापतो आणि पहिल्या पावसाचं गार पाणी पडलं की तडकतो. तडा केसाएवढा. त्यातून वीज खांबात, खांबातून जमिनीत उतरते आणि उपकेंद्रात फीडर, म्हणजे तिथून निघणारी सगळी लाइन, बंद पडते.

“पडलेला खांब लांबून दिसतो,” वायरमन म्हणाला, “तडकलेली चिमणी खालून दिसत नाही.”

मग ती शोधायला स्विच उघडून लाइनचे दोन भाग करायचे. अलीकडचा टिकला तर फॉल्ट पलीकडे. त्याचे पुन्हा दोन. थोडे खांब उरले की लाइन बंद करून, अर्थिंग लावून, एकेकावर चढायचं. भर पावसात, रात्रीसुद्धा. “लोक फोन करतात, लाइट कधी येणार? मी खांबावर असतो. काय सांगू?”

पॉलिमरचे इन्सुलेटर असे तडकत नाहीत, तेव्हा ते बसवायलाच हवेत. अलिबागेत तारा जमिनीखाली घालण्याचं काम झालं, तेही योग्यच. पण भूमिगत केबलला खर्च कित्येक पट, खोदायचा जांभा, आणि केबलमध्ये बिघाड झाला तर तो शोधायला वेगळी यंत्रं लागतात. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांपर्यंत ती लवकर पोचेल असं मला वाटत नाही. तिथे खांबच राहणार. तारेजवळची झाडं मे महिन्यात छाटावी लागणार, आणि ज्याचं घर पोफळीवर चालतं तो छाटू देताना कळवळणार.

निघताना वायरमनने एकच सांगितलं, ते इथे लिहितो. वादळानंतर घरी जनरेटर लावाल तेव्हा आधी मेन स्विच बंद करा. नाहीतर तुमची वीज उलटी लाइनवर चढते, आणि त्या वेळी खांबावर माणूस असतो.